पाया पडायला वाकतात ना लोक

मार्च संपत आलेला, शनिवार, आणि साताऱ्यात लग्नाच्या तारखा जवळ आल्या की माझ्या ओपीडीत जे चालतं तेच चालू होतं, म्हणजे अमुक तारखेपर्यंत डाग गेले पाहिजेत मॅडम, काहीतरी करा. स्किनचा दवाखाना आहे माझा, बारा वर्षं झाली, त्यामुळे मुहूर्त मला भटजींच्या आधी कळतात. तर साडेबाराच्या सुमाराला एक काकू आल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बरोबर मुलगी. मुलीचं लग्न सहा आठवड्यांवर. मी आपलं सवयीनं मुलीकडे बघून म्हणलं, बोल गं. तर ती म्हणाली, मला नाही, आईला दाखवायचंय.

काकू बोलेचनात. मग एकदम म्हणाल्या, "त्या पायावरच्या निळ्या रेघा घालवायच्यात. सुई मारली की जातात म्हणं." दुखतंय का विचारलं. "छे, दुखत काय न्हाई. पण लग्नात लोक पाया पडायला वाकतात ना, तवा पयलं त्येच दिसतंय त्यास्नी."

आता शिरा दाखवायला येणाऱ्या बायका माझ्याकडे कमी नाहीत, कुणाला शॉर्ट्स घालायच्या असतात, कुणाला गोव्याला जायचं असतं, पण हे कारण मी पहिल्यांदा ऐकलं आणि खरं सांगते, मला ते सगळ्यात पटलं. आपल्याकडे बाईचे पाय इतक्या जवळून दुसरं कोण बघतं?

काकू सरळ टेबलावर आडव्या व्हायला निघाल्या, त्यांना म्हणलं झोपू नका, स्टुलावर उभ्या रहा. झोपलं की शिरा रिकाम्या होतात आणि निम्मा आजार दिसतच नाही. त्या चढल्या, साडी पोटरीपर्यंत धरली, मी खाली बसून मोबाईलचा टॉर्च मारला. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाली, बारीक बारीक निळ्या-जांभळ्या शिरा पंख्यासारख्या पसरलेल्या, अगदी घडी उलगडावी तशा. वर कातडी जरा तपकिरी, हात लावला तर कडक. मांडीवर चार-दोन लाल धागे असते तर मी त्याच दिवशी सुई हातात घेतली असती. पण घोट्याच्या आतला हा पंखा दिसला की सुई खाली ठेवायची असते, कारण तो वरच्या मोठ्या शिरेत काहीतरी बिघडल्याचा निरोप असतो.

मग खोदून विचारलं. दुखत नाही म्हणजे काय तर रात्री पायाखाली दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, पहाटे पोटरीत गोळे येतात, संध्याकाळी चप्पल घट्ट होते. हे सगळं त्यांच्या हिशोबी दुखण्यात धरत नव्हतं, वयाचं होतं ते. कॉलेजच्या पोरांची मेस चालवतात, अठरा वर्षं, रोजच्या दोनशे चपात्या, सगळ्या ओट्यापाशी उभ्यानं.

पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर, चालताना स्नायू शिरा पिळतात आणि आतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभं राहिलं की पिळणं बंद. त्यात घराण्यात असेल, दोन-तीन बाळंतपणं झाली असतील, तर झडप कधीतरी ढिली पडते आणि सगळा भार खाली घोट्यावर येतो. काकूंना मी म्हणलं, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय आणि तुम्ही मला खालच्या भिंतीची ओल रंगवून द्या म्हणताय. त्या म्हणाल्या, "मग रंगवून द्या की लग्नापुरती." मला हसू आवरेना.

पण नाही दिली, आणि त्याला कारण आहे. नवीन नवीन प्रॅक्टिस होती तेव्हा एका शिक्षिकाबाईंच्या पायाला मी डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेला जातंय ते दाखवणारी सोनोग्राफी, न करता इंजेक्शनं दिली होती. काय छान दिसलं पंधरा दिवस! पाच-सहा महिन्यांत शिरा परत, वर सुईच्या वाटेनं तपकिरी पट्टे, जे आपल्या सावळ्या कातडीवर सहज उठतात आणि जायला वर्ष वर्ष घेतात. त्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, निळ्या होत्या त्याच बऱ्या होत्या." त्यानंतर गुडघ्याखाली असं काही दिसलं की आधी डॉपलर, मग बाकीचं.

तर दोघींना सोनोग्राफीला पाठवलं, रिपोर्ट घेऊन संध्याकाळी सहाला परत आल्या. जांघेतल्या झडपेतून रक्त उलटं पडत होतं, अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं की बिघाड धरतात, यांचं तीनच्या आसपास. म्हणजे आधी ती मोठी शीर आतून लेसरनं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं बंद करायची, ते काम व्हॅस्क्युलर सर्जनचं, आणि मग माझी सुई. लग्नाच्या आधी नको म्हणलं, तोवर दाबाचे मोजे घाला. एप्रिलच्या उन्हात मांडीपर्यंत मोजे, त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते सांगण्यासारखं नाही.

आणि हे बोलता बोलता माझं लक्ष मुलीकडे गेलं. दिवसभर उन्हातनं फिरून घामानं तिचा मेकअप उतरला होता. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या कडेला लाल शिरांची जाळी, कातडी पातळ, चकचकीत, जबड्यावर बारीक लव. म्हणलं, कुठलं क्रीम लावतेस? गप्प. काकूच म्हणाल्या, "लावती की, मेडिकलातनं आणती, लई गोरी झालीया त्यानं." पर्समधून ट्यूब निघाली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड, वांगावर डॉक्टरनं मोजून काही आठवडे द्यायचं मिश्रण. ही अडीच वर्षं रोज रात्री लावत होती, कुणा मैत्रिणीनं सांगितलं म्हणून, आणि त्यातल्या स्टेरॉइडनंच कातडी पातळ होऊन शिरा वर आल्या होत्या. २०१८ मध्ये सरकारनं स्टेरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण गल्लीच्या मेडिकलात अजून 'ती गोरी व्हायची ट्यूब द्या' म्हणलं की मिळते. माझा या विषयावर रक्तदाब वाढतो, जाऊ दे.

तिला वाटलं, आईसारखं आपल्यालाही सुई मारून जाईल. चेहऱ्यावर तसं करत नाही, तिथल्या शिरांचे धागे डोळ्यापर्यंत गेलेले असतात, औषध भलतीकडे गेलं तर काय घ्या. चेहऱ्याला लेसर, तोही आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा बरा, कमी लांबीचा असेल तर शीर राहते बाजूला आणि रंगच भाजतो. माझ्याकडे ते मशीन नाही, मी पुण्याला पाठवते. पण आधी क्रीम सुटायला पाहिजे, आणि ते सोडलं की काही दिवसांत चेहरा पेटतो. लाल, आग, पुळ्या, हे आठवडे आठवडे चालतं. आणि लग्न सहा आठवड्यांवर.

ती रडायला लागली. लग्न झाल्यावर बंद करते, आत्ता नको मॅडम. मला क्षणभर वाटलं, सहा आठवडेच ना, लावू दे. पण लग्नानंतर नवीन घरात तो चेहरा घेऊन बसायचं, सासरी कुणाला सांगणार ती? आत्ता निदान आई जवळ आहे. हे मी तिला तसंच सांगितलं. एकदम बंद न करता हलकं स्टेरॉइड देऊन उतरवत न्यायचं ठरलं, बरोबर टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं दाह कमी करणारं मलम, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी काही नाही, हळद-बेसनसुद्धा नाही. हळदीचं काय, काकूंनी लगेच विचारलं. म्हणलं हातापायाला लावा.

दहाव्या दिवशी रात्री अकराला फोन, ओला रुमाल गालावर धरून बसलीय. असे चार फोन आले. लग्नातला फोटो काकूंनी व्हॉट्सॲपवर पाठवला, मेकअपखालून गाल लालसर दिसत होते, पण हसत होती पोरगी. काकूंचे पाय काही फोटोत नव्हते.

जूनमध्ये काकूंची मोठी शीर बंद झाली, ऑगस्टमध्ये माझ्याकडे आल्या. पंखा बराच फिका पडला होता. उरलेल्यात मी पोलिडोकॅनॉल, म्हणजे शीर आतून बंद करणारं औषध, भरलं, अगदी पातळ करून, तीस नंबरची बारीक सुई, एका जागी थेंब-दोन थेंब, कारण घोट्याजवळ औषध शिरेबाहेर सांडलं तर जखम होते. सुई आत गेली की शीर क्षणात पांढरी पडते, पाटीवरची रेघ ओल्या बोटानं पुसावी तशी. काकू मान वाकडी करून बघत होत्या.

"परत न्हाई ना येणार?"

"या नाही येणार. पण उभं राहणं चालूच राहिलं तर नव्या येतील."

"मग मी बी येईन."

मोजे चढवले, आणि सांगितलं की आता अर्धा तास चालायचं, बसायचं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, अकरा वाजून गेले होते, साडेबाराला डबे. मग रिक्षा नको, म्हणाल्या, आणि छत्री उघडून पावसात निघाल्या.