फुलं वर, केर खाली

अकरा वर्षांपूर्वी गेटपाशी मधुमालती लावली, तेव्हा ही वेल आहे यावर सोसायटीत कोणाचाच विश्वास बसेना. माझाही बसेना. नर्सरीतून आणलेलं रोप कित्येक महिने झुडपासारखं गुमान उभं होतं. बांबूची काठी रोवली, सुतळी बांधली, तरी बाई हलायला तयार नाहीत. मग एका पावसाळ्यात तिनं एक हात लांब केला तो थेट ड्रेनेजच्या पाइपवर. दिवाळीपर्यंत पहिला मजला ओलांडून गेली.

सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रुम्फियस नावाचा वनस्पतींचा अभ्यासक राहत होता. डच कंपनीचा नोकर. तोही हिच्यापुढे असाच गोंधळला असावा. आधी झुडूप, मग वेल, हे काय प्रकरण? तिथल्या लोकांचा मलय शब्द 'उदानी'. तो डच कानाला 'कसलं?' असा ऐकू येतो. त्यानं त्याचंच लॅटिन करून टाकलं, 'क्विसक्वालिस'. म्हणजे 'कोण? कसली?' पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनंही तेच नाव चालू ठेवलं. अलीकडे शास्त्रज्ञ तिला कॉम्ब्रेटम इंडिकम म्हणतात. प्रश्न सुटला असावा त्यांचा. माझा नाही सुटला.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुळं माझ्या दारात. शेणखत माझं, पाणी माझं, फेब्रुवारीतली छाटणीही माझीच. आणि फुलं? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत.

कारण साधं आहे. ऊन वर आहे. आमच्या पूर्वेला दुसरी इमारत उभी राहिल्यापासून तळमजल्याला दोन तासही ऊन मिळत नाही, आणि ही बाई नव्या फुटीवर, उन्हात फुलणारी. एका वर्षी मी हट्टानं तिला कमरेएवढी कापली. म्हटलं, राहा खाली. राहिली की! नुसती पानं काढून राहिली. त्यातून छाटणी म्हणजे हातांची चाळण. हिला काटे आहेत असं सांगितलं तर कोणाला पटत नाही, पण पान गळलं तरी देठाचा बुडखा फांदीवर तसाच राहतो आणि वाळून आकड्यासारखा टोकदार होतो. त्यावरच तर ती चढते. तणावे नाहीत, काही नाही. गळालेल्या पानांच्या खुंट्यांवर पाय ठेवत वर जाते.

वैशाख सरत आला की हिचा खरा बहर. मोगरा तोवर दमलेला असतो, कुंडीतली बाकीची मंडळी दुपारी माना टाकतात, आणि ही वर घोसच्या घोस लोंबवते. एकाच घोसात पांढरं, गुलाबी, लाल. लहानपणी मला वाटायचं, तिन्ही रंगांची फुलं वेगवेगळी येतात. तसं नसतं. फूल एकच. संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, नंतर लाल. पांढरं असताना रात्री वास सोडून मोठ्या पतंगांना बोलावतं. त्या बोटभर लांब नळीच्या तळाशी पोचेल अशी सोंड त्यांच्याकडेच असते. रंग चढला की दिवसाचं गिऱ्हाईक, मधमाश्या आणि शिंजीर पक्षी. म्हणजे एकाच गाळ्यात रात्रपाळी नि दिवसपाळी.

हे सगळं मला डोळ्यांनी बघायचं होतं, पण बघणार कशी? शेवटी मेच्या अखेरीस काकूंना फोन केला. म्हटलं, आज उमललेल्या एका फुलाच्या नळीला दोरा बांधाल का?

"अगं, फुलाला दोरा? नजर लागली का त्याला?"

बांधला मात्र त्यांनी. निळा, शिवणाच्या डब्यातला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कुकर लागलेला असताना फोन आला, "गुलाबी झालंय. पण फिकट. बेबी पिंक म्हणतात ना, तसं." संध्याकाळी पुन्हा, "आता जरा गडद." काकू इतक्या रंगल्या, की काकांनाही चष्मा लावून गॅलरीत उभं केलं. आणि त्यांचं म्हणणं पडलं की ते पहिल्यापासून गुलाबीच होतं. त्यावरून वर थोडं वाजलंही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. साडेचारला वळीव. आधी धुळीचा लोट, मग वाळत घातलेले कपडे गोळा करायची पळापळ, मग टपोऱ्या थेंबांचा मारा आणि दहा मिनिटांत लाइट गेले. पाऊस थांबल्यावर मी दार उघडलं तर पायरीपासून गेटपर्यंत सडा. बघायला छान, पण ओल्या फरशीला चिकटलेली मधुमालती खराट्यालाही दाद देत नाही. फुलं त्यांच्याकडे, केर माझ्याकडे, हे दर वळवाचं ठरलेलं. मी पुटपुटत झाडायला घेतलं.

वरून काकूंची हाक आली. "अगं, गेलं बघ ते! सकाळपासून लाल झालंय का ते बघायचं राहिलंच माझं. तुझ्याकडे पडलंय का बघ."

मी सुपलीतला ढीग हातानं विसकटला. तळाशी, लालभडक, निळ्या दोऱ्याची गाठ तशीच.

"लाल आहे हो!" मी ओरडले.

"ह्यांना सांग!" वरून उत्तर आलं.