आमची वाटचाल : अर्ध्या सेकंदाचा हिशेब

आम्ही उपग्रहावरून इंटरनेट जोडून देतो. दोघं भागीदार, आणि सुरुवात मोडेमच्या दुरुस्तीतून झाली. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. कागदावर वेग 56 केबीपीएस, प्रत्यक्षात 40 मिळाला तरी माणूस खूश. विजा कडाडल्या की तारेतून येणाऱ्या झटक्याने मोडेम जळायचे आणि दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर त्यांची रांग लागायची. लोक पावसाला कंटाळायचे, आम्ही मनातल्या मनात आभार मानायचो.

उपग्रहाकडे वळलो ते जिथे तार पोचतच नव्हती अशा ग्राहकांमुळे. पण सुरुवातीची सोय मोठी गमतीची होती. माहिती खाली यायची ती डिशवरून, आणि आपली मागणी वर जायची ती टेलिफोनवरून! म्हणजे तार नाही म्हणून उपग्रह घ्यायचा, आणि उपग्रह घेतला तर तार हवी. अशी आम्ही मोजकीच कनेक्शनं बसवली. दोन्ही बाजूंनी चालणारे मोडेम हाताशी आले तेव्हा कुठे हा खरा धंदा झाला.

पहिल्या दुतर्फी कनेक्शनच्या वेळी आम्ही छाती फुगवून सांगितलं, ‘‘तारेपेक्षा कितीतरी पट वेग मिळेल.’’ आठवड्याभरात त्या गृहस्थांचा फोन. फाइली झपाट्याने उतरतात, पण इंटरनेटवरून बोलायला गेलं की दोन्ही माणसं एकदम बोलतात, मग दोन्ही एकदम गप्प बसतात. पान उघडायला क्लिक केलं की काही क्षण काहीच होत नाही. ‘‘वेग म्हणालात तो कुठाय?’’ माझा भागीदार तीन दिवस जाऊन डिश हलवत बसला. केबल बदलली, कनेक्टर बदलले, मोडेमसुद्धा बदलला. दोष कशातच नव्हता.

चौथ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसलो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतो. तेवढ्या उंचीवर त्याची एक फेरी पृथ्वीच्या एका स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून तो आपल्याला एका जागी थांबलेला दिसतो आणि डिश एकदा रोखली की हलवावी लागत नाही. ही सगळी सोय त्या अंतराच्या जोरावर. पण आपली मागणी वर उपग्रहापर्यंत जाते, तिथून खाली कंपनीच्या मोठ्या भूकेंद्रावर उतरते, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. एकूण सुमारे 1 लाख 43 हजार किलोमीटर. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात. यंत्रांचा वेळ धरला की पिंग, म्हणजे मागणी जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, 600 मिलिसेकंदांच्या आसपास. यात मेकॅनिकने करण्यासारखं काहीही नाही. भागीदार म्हणाला, ‘‘तीन दिवस मी प्रकाशाशी भांडत होतो.’’

ग्राहकाला हे कसं सांगायचं? आम्हाला विहीर सापडली. पोहरा मोठा घेतला तर एका खेपेला जास्त पाणी येईल, पण विहीर जितकी खोल तितका प्रत्येक खेपेला वेळ लागणारच. एमबीपीएस हा वेगाचा आकडा म्हणजे पोहऱ्याचा आकार. लेटन्सी, म्हणजे उत्तराला लागणारा उशीर, ही विहिरीची खोली. जाहिरातीत पोहराच दाखवतात.

आणि एक पान उघडायला एकच खेप लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आधी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता विचारायचा, ती एक खेप. मग त्या संगणकाशी ‘आहात का? आहे, बोला’ अशी ओळख, ती दुसरी. पत्त्यापाशी कुलूप दिसतं त्या सुरक्षित जोडणीसाठी जुन्या पद्धतीत आणखी दोन. त्यानंतर कुठे ‘पान द्या’ म्हणायचं. पाच खेपा म्हणजे अडीच-तीन सेकंद, आणि तोवर पडद्यावर एक अक्षर नाही. मोडेम आणि भूकेंद्र आपापसांत ठरवून यातल्या काही खेपा वाचवतात, नव्या सुरक्षित जोडणीतही एक खेप कमी झाली आहे. पण ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसशी जोडणारी खाजगी वाट, लावलं की सगळं बंद पाकिटात जातं, मोडेमला आतलं दिसत नाही, आणि ती बचत संपते. ‘‘घरचं सगळं ठीक चालतं, ऑफिसचंच रडतं’’ ही तक्रार आली की आम्ही आता डिशकडे बघतसुद्धा नाही.

दुसरा धडा आठाचा. एका ताईंनी आम्हाला सरळ फसवे ठरवलं. 40 एमबीपीएसचं कनेक्शन, आणि फाइल उतरताना संगणक दाखवतोय सेकंदाला 5! त्यांचं चुकलं नव्हतं. कनेक्शन बिटमध्ये विकतात, फाइल बाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. 40 भागिले 8, पाच. हे पहिल्याच दिवशी सांगायला अर्धा मिनिट लागलं असतं. न सांगितल्यामुळे दोन फेऱ्या झाल्या आणि त्यांचा विश्वास परत मिळवायला वर्ष गेलं.

तेव्हापासून आमच्याकडे ‘पहिला तास’ सुरू झाला. डिश गाडीतून उतरवायच्या आधी ग्राहकासोबत बसायचं. आमच्याच कामावरच्या मुलांना तो सुरुवातीला वेळेचा अपव्यय वाटायचा. मलाही कधी कधी वाटायचा, खरं सांगतो.

त्या तासात आकाश फार वेळ खातं. नव्या माणसाला वाटतं डिश वर कुठेही बघितली तरी चालते. भूस्थिर उपग्रहांच्या माळेत एक अंश म्हणजे सातशेहून जास्त किलोमीटर. एवढा फरक पडला की सिग्नल गेला किंवा, त्याहून वाईट, शेजारच्या उपग्रहाचा मिळाला. आम्ही एकदा झकास सिग्नल बघून समाधानाने चहा प्यायलो, आणि डिश भलत्याच उपग्रहाकडे रोखलेली निघाली. शिवाय आमच्या बहुतेक डिश ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे फीड, डिशसमोर लहरी झेलणारा भाग, मध्यभागी नसून खालच्या बाजूला. त्यामुळे डिश जिथे बघतेय असं वाटतं त्यापेक्षा ती खरं तर बरीच वर बघत असते. ‘‘अहो, ही तर समोरच्या भिंतीकडे बघतेय’’ म्हणून एका काकांनी ती स्वतः वर केली होती. गंज चढेल म्हणून आणखी एकांनी तर डिशला चकचकीत ऑइलपेंट दिला. डिशचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत, मंद ठेवलेला असतो. विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, तेव्हा रोज ठरावीक वेळी काही मिनिटं कनेक्शन जातं आणि आपोआप परत येतं. या डिशचं परत आलं नाही. चकचकीत रंगाने ऊन फीडवर एकवटलं आणि त्याचं प्लास्टिकचं झाकण वितळलं. आरशाने कागद जाळतात ना, तसं.

पावसाचं लोकांना लवकर कळतं. आमची कनेक्शनं ज्यांवर चालतात त्या केयू आणि केए नावाच्या पट्ट्यांच्या लहरींची लांबी एक ते अडीच सेंटिमीटरच्या घरात असते, जोरदार सरींत त्या बऱ्याच शोषल्या जातात. हल्लीचे मोडेम अशा वेळी वेग उतरवून तग धरतात. कळत नाही ते उलटं : ‘‘आमच्याकडे लख्ख ऊन आहे, तरी का बंद?’’ कारण पाऊस भूकेंद्रावर पडतोय. हे ऐकून लोक आमच्याकडे असे बघतात, की आम्ही थाप मारतोय.

मग खालच्या कक्षेतले उपग्रह आले आणि आमचं अर्ध्या सेकंदाचं भाषण निम्म्या ग्राहकांसाठी एका झटक्यात जुनं झालं. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरून फिरतात. विहीर एकदम उथळ. पिंग तीस-चाळीस मिलिसेकंदांवर आलं, बोलताना दोघांनी एकदम गप्प बसणं संपलं. मनात धास्ती होती, ती लपवत नाही. डिश ग्राहक स्वतः ठेवणार, ती स्वतःच उपग्रह शोधणार, मग आम्ही कशाला?

काम संपलं नाही, बदललं. इतक्या खालचा उपग्रह दीड-एक तासात पृथ्वीची फेरी पूर्ण करतो, आपल्या माथ्यावर काही मिनिटंच राहतो, आणि अँटेना न हलता, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, एकावरून दुसऱ्यावर उडी मारते. म्हणून तिला मोठं मोकळं आकाश लागतं. भूस्थिरला दोन झाडांमधली एक फट पुरायची, ती नेमक्या दिशेला असली म्हणजे झालं. इथे एक फांदी आडवी आली की दर थोड्या वेळाने काही सेकंद तुटतं, आणि व्हिडिओ बघणाऱ्याला ते कळतही नाही, बोलणाऱ्याला मात्र लगेच कळतं. आता आम्ही खांब उभारतो, छपरावर चढतो, फांद्यांचा हिशेब करतो. घरातल्या वाय-फायच्या तक्रारीही आमच्याचकडे येतात, कारण चौथ्या खोलीत रेंज नसली की शिव्या उपग्रहालाच पडतात.

आज आम्ही सात जण आहोत. पहिल्या तासाची सुरुवात आता वेगापासून होत नाही, ‘‘कशासाठी हवंय?’’ या प्रश्नापासून होते. एकदा विचारलं तेव्हा उत्तर आलं : पाण्याची पातळी मोजणारं यंत्र आहे, दिवसातून काही वेळा चार आकडे पाठवायचे, आसपास माणूस नाही. तिथे आम्ही भूस्थिरची साधी डिश बसवली. त्या यंत्राने अर्ध्या सेकंदाबद्दल अजून एकदाही फोन केलेला नाही.