फवारणीचं विष नाकापेक्षा कातडीतून जास्त जातं

फवारणी करणाऱ्या माणसाच्या तोंडाला दुपट्टा हमखास असतो. खाली मात्र बनियान, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजामा आणि अनवाणी पाय. तो दुपट्टाही अर्ध्या तासात घामानं आणि तुषारांनी भिजतो, मग ते ओलं फडकंच औषध नाकाशी धरून ठेवतं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतूनही रक्तात उतरतात. कपाळ, काख आणि जांघ इथून सगळ्यात लवकर. उकाड्यात, घामेजलेल्या अंगावर तर आणखी लवकर.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशी) माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. कमरेच्या उंचीच्या पिकावर तुषार खाली पडतात. डोक्याइतक्या दाट पिकात नळी वर धरावी लागते, फवारा आपल्याच अंगावर येतो आणि पुढं चालताना ओली पानं अंगाला घासतात. म्हणून अशा पिकात दाट ओळींच्या आत शिरून फवारू नये, आणि वारा तोंडावर येत असेल तर मुळीच नाही. वारा पाठीमागून किंवा बाजूनं हवा.

तरीही सगळ्यात धोक्याची जागा ओळीत नसते, बादलीजवळ असते. फवाऱ्यात औषध पाण्यात पातळ झालेलं असतं, डबीतलं तसं नसतं. साध्या पंपासाठी १० लिटर पाण्याला २० मिली अशी शिफारस असेल तर फवाऱ्यात हजारात दोन भाग औषध असतं. डबीतला एक थेंब हातावर पडला तर तो त्या फवाऱ्याच्या पाचशे थेंबांच्या बरोबरीचा. आणि हेच काम आपण उघड्या हातानं, डबीच्या टोपणानं मोजून, काडीनं ढवळून करतो. इथं कापडी नाही, रबराचे नायट्राइल हातमोजे हवेत. कापडी मोजा औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतो. मापाला मोजपात्रच घ्या, टोपणाचं माप कंपनीगणिक बदलतं. पंप १५ लिटरचा असेल तर २० चे ३० मिली होतात, एवढा हिशेब आधी करून ठेवावा.

दुसरा घोळ पॉवर पंपाचा. पेट्रोलवरचा पॉवर पंप बारीक धुकं मारतो. साध्या पंपानं वाढलेल्या पिकाला एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, पॉवर पंपाला त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून शिफारशीत पॉवर स्प्रेसाठी मात्रा तिप्पट लिहिलेली असते. एकरी औषध तेवढंच पडतं, पण माणसाच्या अंगावर येणारं धुकं तिप्पट कडक. बॅटरीवरचा पंप हा या हिशेबात साधाच पंप. त्याला ‘पॉवर’ समजून तिप्पट औषध टाकणं म्हणजे पीक जाळणं आणि माणूसही.

मग येतं कॉकटेल: एक कीटकनाशक, वर दुसरं, एक बुरशीनाशक, १९:१९:१९ हे विद्राव्य खत आणि टॉनिक, सगळं एकाच बादलीत. मजुरी वाचते हे खरं, आणि कृषी केंद्रात उधारीवर जे मिळतं तेच घ्यावं लागतं हेही खरं. पण दोन ऑर्गॅनोफॉस्फेट एकत्र केली की शरीरातल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर), कोलिनेस्टरेजवर, दोघांचा मार पडतो. ऑर्गॅनोफॉस्फेटसोबत सायपरमेथ्रिन (पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक) असेल तर तेही शरीरात लवकर मोडत नाही, कारण ते मोडणारी विकरंही अडलेली असतात. शिवाय मिश्रण फाटलं की नोझल तुंबतं. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकणारे अजूनही दिसतात. त्याला जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं.

मजुरांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी बोलली जाते. ऑर्गॅनोफॉस्फेटनं अडवलेलं हे कोलिनेस्टरेज भरून यायला कित्येक आठवडे लागतात. मालक आपल्या वावरात एखाद दिवस फवारतो, मजूर मात्र हंगामभर आज याच्या, उद्या त्याच्या वावरात. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून ‘मला सवय आहे’ म्हणतो. सवय वगैरे काही नसते, साठा घटत असतो. मग एखाद्या दिवशी नेहमीएवढंच फवारून डोळ्यांपुढं धूसर होतं, लाळ सुटते, मळमळतं, दंडाचे स्नायू फडफडतात. तेव्हा काम तिथंच थांबवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन लावा. दूध-तूप पाजू नका आणि उलटी करवू नका. ईसी प्रकारच्या (तेलकट द्रावकात विरघळवलेल्या) औषधातला द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात गेला तर वेगळंच संकट. डबी किंवा तिचं लेबल सोबत न्या. ॲट्रोपिन हा उतारा ऑर्गॅनोफॉस्फेटवर काम करतो. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिल या दुसऱ्या गटांतल्या कीटकनाशकांवर तो उतारा नाही. डॉक्टरला औषधाचं नाव कळलं नाही तर तो अंदाजानं उपचार करणार.

आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा. औषधाच्या हातानं खर्रा घोटून तोंडात टाकणं म्हणजे विष थेट गालात ठेवणं. हात साबणानं धुतल्याशिवाय पुडी उघडू नये. पंप विहिरीवर, नाल्यात किंवा बैलाच्या हौदाजवळ धुऊ नये. रिकामी डबी तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावं, मग डबीला भोकं पाडावीत, म्हणजे घरात तेला-पाण्याला ती वापरली जात नाही.

वावराचं नुकसान हळूहळू दिसतं. बीटी कपाशीच्या बियाण्याला बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिडसारखं औषध चोळलेलंच असतं, तरी महिन्याच्या पिकावर फवारा सुरू होतो. त्यात ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे किडी खाणारे मित्रजीव मरतात आणि मावा-तुडतुडे परत येतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड लवकर मारलं की पांढरी माशी उसळते, आणि तिच्यासाठी पुढचं औषध.

फवारायचं की नाही हे गुलाबी बोंडअळीपुरतं मोजून ठरवता येतं. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री सापळ्यागणिक ८ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ. किंवा एकरातून २० हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडा. दोनांत जिवंत अळी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली. बोंडं फोडायचीच, कारण अळी आत शिरल्यावर भोक बुजतं आणि वरून बोंड चांगलंच दिसतं.