काळी चारची पांढरी चार

सहा वर्षं ओसाकात काढून पुण्याला परतले, तेव्हा सामानात सगळ्यात जड दोन वस्तू होत्या. डेन-डेन टाऊन या तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या सेकंडहँड दुकानातून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि बेल्टवर चालणारा टर्नटेबल. बाबांच्या एलपी कित्येक वर्षं माळ्यावर पडून होत्या, त्या आईला पुन्हा ऐकवायच्या होत्या.

जपानात घरात १०० व्होल्टची वीज असते, आपल्याकडे २३०. म्हणून खोकी उघडण्याआधीच पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार, तपकीर गल्ली गाठली. अमेरिकेतून आणलेल्या मिक्सरसाठी जो तयार स्टेपडाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो मात्र जपानी यंत्राला लावू नका. तो २२० चे ११० करतो. आमच्या घरी रात्री अकरानंतर मल्टिमीटर २४८ दाखवतो, म्हणजे १०० व्होल्टच्या यंत्रात १२४ जाणार. शिवाय स्वस्तातले बरेचसे ‘ऑटो’ असतात, तारेचं एकच वेटोळं (वाइंडिंग) आणि मधून काढलेलं टोक (टॅप). त्यातला खालचा भाग तुटला की पूर्ण २३० यंत्रात. मी दोन वेगळ्या वाइंडिंगचा, ५०० व्हीए (ढोबळमानाने वॉट) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला आणि प्रायमरीला, म्हणजे वीज आत येते त्या वाइंडिंगला, २३०, २४० असे दोन टॅप मागितले. २४० वर ठेवला की रात्रीच्या २४८ चेही १०३ च होतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर १२० वॉट लिहिलंय, तरी मोठा घेतला. चालू करताना तो क्षणभर फार जास्त करंट ओढतो.

पहिल्या रात्री आईच्या लाडक्या गायिकेची ख्यालाची एलपी लावली. ट्रान्सफॉर्मर गार, अ‍ॅम्प्लिफायर शांत, मी खूश. आई दोन मिनिटं ऐकत बसली आणि उठून पेटी घेऊन आली.

“अगं, ही बाई काळी चारला गाते. हे बघ.” तिने काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, दाबून धरली, मग एकेक पट्टी खाली येत पांढरी चारवर थांबली. “इथेही नाही. याच्याही किंचित खाली आहे. आणि लय बघ किती रेंगाळतेय.”

आईने पेटीवर जे दाखवलं, ते मी नंतर कागदावर मांडलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, नाही. जपानात दोन प्रकारची वीज आहे. टोकियोने १८९५ च्या सुमारास जर्मन जनित्रं घेतली, तिकडे ५० हर्ट्झ. ओसाकाने त्यानंतर लगेच अमेरिकन घेतली, तिथे ६०. फुजी नदीच्या आसपास आजही ही सीमा आहे. माझ्या टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते आणि तिच्यावर बेल्ट फिरवणारी ६० ची पुली होती. पुण्याच्या ५० वर मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे. तीन पट्ट्यांहून थोडा जास्त उतार, आणि वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं. बेल्टशिवाय चालणाऱ्या, क्वार्ट्झने वेग राखणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलला हा त्रास नाही. अ‍ॅम्प्लिफायरवरही ५०/६० असं स्पष्ट लिहिलेलं होतं. फक्त ६० लिहिलेलं यंत्र आपल्याकडे जास्त तापतं.

माझ्यासारख्या बेल्टच्या टर्नटेबलसोबत पूर्वी दुसऱ्या हर्ट्झची पुली पिशवीत घालून द्यायचे. माझी पिशवी आधीच्या मालकाकडे राहिली असावी. व्हर्नियरने जुनी पुली मोजली, ९.५० मिमी. ५० वर ६० चा वेग हवा तर पुली सहा पंचमांश मोठी, म्हणजे ११.४०. भोसरीच्या एका लेथवाल्या काकांनी पितळेची कातून दिली. “ताई, एवढ्याशा कामाला एवढी घाई?” म्हणाले, पण पॉलिश इतकं सुरेख केलं की बोटाला कडच लागत नव्हती.

घरी लावली. आईने डोळे मिटून ऐकलं. “आलं, पण अजून श्रुतीभर उतरलंय.”

मी १८० रेघांची स्ट्रोब चकती, म्हणजे वेग तपासायची चकती, छापून टर्नटेबलच्या ताटावर ठेवली. एलईडीखाली काही दिसेना, स्वयंपाकघरातली जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, तिच्याखाली नेल्यावर दिसलं. रेघा स्थिर राहायला हव्यात, त्या हळूहळू मागे सरकत होत्या, सेकंदाला साधारण एक. म्हणजे वेग एक टक्का कमी. मग लक्षात आलं की बेल्टची जाडी मी धरलीच नव्हती. बेल्ट ०.६ मिमीचा, वेग ठरतो तो बेल्टच्या मध्यावर. ९.५० मध्ये ०.६ मिळवायचे, सहा पंचमांश करायचे, मग ०.६ वजा करायचे. ११.५२. बारा शतांश मिलिमीटरचा फरक, आणि तो आईने चकतीच्या आधी कानाने पकडला होता.

११.५२ ची दुसरी पुली कातून बसवल्यावर रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या. आईने पेटीवर काळी चार धरली, तबकडीतला षड्ज तिच्यावर येऊन बसला आणि तिने भाता सोडून दिला. मग ती बाजू संपेपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही.

ओसाकाची पुली काडेपेटीत घालून ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवली आहे, वर ‘६०’ लिहून.