दाढेसाठी सीमेपलीकडे : फिनिक्स ते लॉस अल्गोदोनेस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. दिवस कसाबसा निघायचा, पण रात्री आडवं झालं की प्रत्येक ठोका दाढेत वाजायचा. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "लवंग धर दाढेत, आणि उद्याच्या उद्या दाखव." लवंग धरली. दाखवायला मात्र चार दिवस गेले, कारण खर्च किती येणार याचीच धास्ती होती.

ती धास्ती खरी ठरली. मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहते. तिथल्या डॉक्टरांनी कागद हातात दिला : रूट कॅनाल १,५५० डॉलर, आतली भर ३२०, कॅप १,६००. एकूण ३,४७०. दातांचा विमा आहे, पण नोकरी बदलून पाचच महिने झालेले आणि मोठ्या कामांसाठी विम्याची १२ महिने थांबण्याची अट. म्हणजे सगळे पैसे खिशातून. पुण्याला जावं म्हटलं तर तिकीटच १,४०० डॉलर आणि दहा दिवस रजा. २०१६ साली कोथरूडला डाव्या दाढेचं रूट कॅनाल आणि कॅप मिळून ९,००० रुपयांत झालं होतं. निवांत तीन बैठकांत, आणि दुखलं असं आठवतच नाही. गावी जाणं ठरलेलंच असेल तर आजही मी तिथेच करून घेईन. पण ठणकणारी दाढ घेऊन वीस तासांचा विमानप्रवास नको वाटला.

मग लॉस अल्गोदोनेसचं ठरलं. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यातलं हे चिमुकलं गाव अगदी सीमेला लागून आहे. लोकवस्ती काही हजारांची, दंतवैद्य मात्र शेकड्यांनी. इंग्रजीत त्याला 'मोलर सिटी', म्हणजे दाढांचं शहर, असंच म्हणतात. फिनिक्सहून ॲरिझोनातल्याच युमा शहरापर्यंत तीन तास गाडी, तिथून पंधरा-वीस मिनिटांवर अँड्रेडचा सीमानाका. गाडी पलीकडे नेऊ नका. नाक्याअलीकडे क्वेचान आदिवासींचं मोठं वाहनतळ आहे, तिथे लावा आणि चालत जा. पाच मिनिटांत तुम्ही दवाखान्यांच्या गल्लीत असता.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी : चालू अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मूळ कागद जवळ हवेत, फोनमधला फोटो नको. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल आणि पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. दाढ परवडली, परतीच्या वाटेवर अडकणं नको. आणि घड्याळ सांभाळा. हिवाळ्यात युमा अल्गोदोनेसच्या एक तास पुढे असतं. दवाखान्याने दिलेली वेळ कुठल्या घड्याळाची, ते विचारून घ्या.

गल्लीत शिरताच "डेंटिस्ट? ग्लासेस?" करत माणसं मागे लागतात. त्यांच्यामागून जाऊ नका. मी मात्र ठरवून, ईमेल करून गेले होते, तरी पहिल्या दवाखान्यात जे झालं ते सांगायलाच हवं. दहा मिनिटांच्या तपासणीत त्यांनी आणखी चार दाढांना कॅप लागतील असं सांगितलं, "आजच केलंत तर सवलत" असंही. माझ्याकडे फिनिक्सचे एक्स-रे होते, आणि तेच पुण्यातल्या माझ्या दंतवैद्य मावसबहिणीने पाहून सांगितलं होतं : "एकाच दाढेचं काम आहे ताई, बाकीच्यांना हात लावू देऊ नकोस." मी उठले. दुखत असताना उठणं सोपं नसतं, म्हणूनच स्वतःच्या तोंडात नेमकं काय चाललंय हे घरून निघतानाच माहीत असायला हवं. एक्स-रेची प्रत मागून घ्या, आणि ज्याला तुमच्याकडून पैसे मिळणार नाहीत अशा दंतवैद्याला दाखवा.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी फक्त त्या दाढेबद्दल विचारलं. रूट कॅनाल ३५०, भर ८०, झिर्कोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप ३८०. ८१० डॉलर, लिहून दिलेले.

त्रासाबद्दल खरं सांगते. भूल लागली नाही. ओठ, जीभ बधिर झाली, पण ड्रिल नसेजवळ पोचल्याबरोबर डोळ्यांसमोर काजवे चमकले. सुजलेल्या जागी आम्लता वाढते, तिथे भुलीचं औषध नीट काम करत नाही आणि खालच्या दाढांना हे जास्त होतं. मी हात वर केला. त्या लगेच थांबल्या, दाढेच्या अगदी बाजूला आणखी दोन इंजेक्शनं दिली, पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग मात्र काही कळलं नाही. हात वर करायची खूण आधीच ठरवून घ्या, आणि तो वर करताना संकोच करू नका. दोन तास जबडा उघडा ठेवून कानाजवळचा सांधा जो आखडला, तो नंतर दाढेपेक्षा जास्त दुखला. तोंडात धरायला रबरी ठोकळा मागा, त्याने बराच भार हलका होतो.

शेवटी तात्पुरतं सिमेंट भरलं, आणि तोंडभर लवंगेचा वास आला. त्या सिमेंटात लवंगेच्या तेलातलंच द्रव्य असतं. आईची आठवण आली आणि रडू फुटलं. डॉक्टरबाईंना वाटलं, दुखतंय.

त्या रात्री युमात राहिले. घरून थंड डब्यात दहीभात नेला होता, तो भूल उतरल्यावरच खाल्ला. बधिर तोंडाने खाल्लं तर गाल चावला जातो, हे पुण्याला शिकले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅप बसली. निळा कागद चावायला देतात तेव्हा भूल घेतलेली नसावी, नाहीतर कॅप उंच आहे की नाही समजत नाही. मी तीनदा "अजून लागतेय" म्हटलं, त्यांनी तीनदा घासली. राहणं, पेट्रोल, जेवण धरून १,२०० डॉलरांच्या आत सगळं झालं. इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी बसवायचा स्क्रू, करायचा असेल तर हिशेब वेगळा : हाडात तो रुजायला तीन ते सहा महिने जातात, म्हणजे दोन फेऱ्या धरा. शिवाय मागाहून काही बिघडलं तर अमेरिकेतले डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला सहसा राजी नसतात. निघताना शेवटचा एक्स-रे आणि कॅप कशाची आहे ते लेखी घ्या.

परतीची रांग मात्र विसरता येणार नाही. थंडीतून उबेला आलेले उत्तरेकडचे म्हातारे-म्हाताऱ्या हिवाळाभर इथे असतात, त्यामुळे दीड तास उभं राहावं लागलं. पुढे मिनेसोटाच्या एक आजी होत्या. मेडिकेअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, नेहमीचे दाताचे उपचार बसत नाहीत. गेली सहा वर्षं त्या दर हिवाळ्यात येऊन दोनच दात करून घेतात, तेवढंच परवडतं. तोपर्यंत एकाच बाजूने चावतात. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई. मी त्यांना म्हटलं, तुम्ही त्या भिंतीशी सावलीत बसा, जागा मी धरते. नाक्याच्या दाराशी पोचल्यावर त्यांना हाक मारली.