दहा डॉलर, १६० एकर आणि कागदावर नसलेली बायको

१९०५ ते १९१४ या वर्षांत ग्लासगोच्या गोदीतून कॅनडाला निघालेल्या स्कॉटिश मुलींमध्ये काही जणी लग्न ठरवूनच बोटीत बसत. तो आधी जाऊन पश्चिम कॅनडातल्या सस्कॅचेवनच्या माळावर जमीन धरून बसलेला, ती मागून जाणार. या स्थलांतराबद्दल वाचताना प्रेमपत्रं आणि बर्फ भरपूर भेटतो. जमिनीचे नियम मात्र सहसा भेटत नाहीत, आणि ते कळल्याशिवाय या बाईचं आयुष्य कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

तर आधी मोजणी. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्टर, १६० एकर, अर्धा मैल बाजूचा चौरस. ११ आणि २९ नंबरचे सेक्शन शाळांसाठी राखीव, ८ नंबरचा पूर्ण आणि २६ चा बहुतेक भाग हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचा, विषम नंबरांचे पुष्कळसे रेल्वे कंपन्यांना दिलेले. सरकारकडून वस्तीसाठी फुकट जमीन (तिला होमस्टेड म्हणत) मिळायची ती उरलेल्या सम नंबरांत. म्हणजे वस्ती मुळातच विरळ होणार. शेजारणीचं घर अर्धा मैल, कधी दोन मैल लांब. ग्लासगोच्या चाळीत एका जिन्यावर आठ बिऱ्हाडं बघितलेल्या मुलीला एकटेपणाचा पहिला धक्का बसे तो या आखणीमुळे. (ही जमीन रिकामी नव्हती हेही इथेच सांगायला हवं. क्री, सोटो आणि असिनिबोइन या मूळ रहिवाशांशी १८७४ मध्ये चौथा करार झाला आणि त्यांना राखीव जागांत हलवल्यावरच दक्षिण सस्कॅचेवनमधले हे चौरस वाटायला मोकळे झाले.)

अटी साध्या दिसतात. दहा डॉलर भरून नोंद करायची, तीन वर्षं दर वर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, साधारण ३० एकर माळ मोडून लागवडीखाली आणायचा, राहण्याजोगं घर बांधायचं. मग सरकार पक्का मालकीचा कागद देई, त्याला पेटंट म्हणत. परदेशी माणसाला त्यासाठी आधी ब्रिटिश प्रजाजन व्हावं लागे, स्कॉटिश माणूस तो जन्मानेच होता.

मेख त्या सहा महिन्यांत आहे. एकटा पुरुष हिवाळ्यात खोपट्याला कडी लावून लाकूडतोडीला किंवा रेल्वेच्या कामाला जाई, कारण पहिल्या दोन वर्षांत शेतातून पैसा येतच नाही. पण कडी लावलेल्या घरात गाय राहत नाही, कोंबड्या राहत नाहीत, बटाटे गोठून जातात. बायको आली की तो कमावायला जाऊ शकतो आणि घर बाराही महिने चालू राहतं. नोंद त्याची, मुक्काम तिचा.

प्रवास मात्र चटकन उरके. ग्लासगोहून उन्हाळ्यात क्वेबेक किंवा माँट्रियल, हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठते म्हणून सेंट जॉन किंवा हॅलिफॅक्स; समुद्रावर आठ-दहा दिवस. १९१० नंतर नवख्या माणसाकडे २५ डॉलर, हिवाळ्यात ५०, असावे लागत. घरकामाला किंवा जवळच्या नातेवाइकांकडे जाणारीला सूट होती. पुढे माँट्रियलपासून विनिपेगपर्यंत सुमारे चौदाशे मैल वसाहती डब्यातून, म्हणजे स्थलांतरितांसाठीच्या रेल्वेच्या साध्या डब्यातून. समोरासमोरची लाकडी बाकं ओढून जोडली की खालची झोपायची जागा, वरची छतातून खाली ओढायची. गादी-पांघरूण आपलं, खाणं आपलं, डब्याच्या टोकाला एक चूल सगळ्यांत मिळून. बोटीच्या मोठ्या सामानात पांघरुणं बांधून टाकणारी बाई इथे कुडकुडत बसे. काही जणींचं लग्न विनिपेगला उतरल्यावर लगेच लागे, कारण पुढच्या स्टेशनापासून वीस मैल गाडीने जायचं ते नवराबायको म्हणूनच बरं.

स्कॉटिश मुलीबरोबर तिची किस्ट असे, म्हणजे लग्नाच्या सामानाची लाकडी पेटी: लोकरीची ब्लँकेटं, लिननच्या चादरी, मोजे. ब्लँकेटं जितकी जास्त तितकी बरी. लोखंडी गर्डल, म्हणजे आपल्या तव्यासारखं सपाट बिडाचं भांडं, हेही आणण्याजोगं. त्यावर ओटकेक आणि स्कोन भाजले जात.

पण तव्यावर भागत नसे, कारण माळावर रोजचं अन्न म्हणजे यीस्टचा पाव. गावात बेकरीचा पाव विकत घेणाऱ्या अनेकींना तो करता येत नसे. रीत अशी: संध्याकाळी सुक्या यीस्टची वडी कोमट पाण्यात भिजवायची, बटाटे उकडलेलं पाणी आणि थोडं पीठ घालून सरसरीत आंबवण तयार करायचं आणि रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी मीठ, चरबी आणि उरलेलं पीठ घालून मळायचं, दुप्पट फुगलं की पाव वळायचे, पुन्हा फुगू द्यायचे, मग भाजायचे. बिघडायचं दोन ठिकाणी. एक, हिवाळ्यात रात्री चूल विझली की घरातली बादलीसुद्धा गोठते आणि आंबवण मरतं. म्हणून भांडं रजईत गुंडाळून ठेवत. दुसरं, पीठ. ब्रिटनमधला गहू मऊ, माळावरचा कडक. कडक गव्हाच्या पिठाला पाणी जास्त लागतं आणि मळणंही जास्त लागतं. जुन्या अंदाजाने पाणी घातलं की पाव दगड.

पाण्याची तऱ्हा तर वेगळीच. विहिरीला पाणी लागलं तरी ते कित्येकदा क्षारट, सल्फेटवालं, नवख्याला जुलाब. त्यात वाटाणे शिजत नाहीत, साबणाला फेस येत नाही. धुण्यासाठी पावसाचं पाणी पिंपात धरायचं, हिवाळ्यात बर्फ वितळवायचा. कोरड्या भुसभुशीत बर्फाच्या दहाएक बादल्यांचं एक बादली पाणी होतं. सरपण नसेल तिथे वाळलेलं शेण जाळत. गोवऱ्या आपल्याला नव्या नाहीत, आणि स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्या बाईला चुलीत पीट, म्हणजे वाळवलेली दलदलीची माती, घालायची सवय असल्याने तीही फारशी बिचकत नसावी.

घर दोन तऱ्हांचं. फळ्यांचं, वर डांबरी कागद; शरद ऋतूत त्याच्या पायाभोवती शेण-मातीची भर घालायची, नाहीतर जमिनीखालून वारा शिरतो. किंवा सॉडचं: हरळीसारख्या घट्ट मुळांचा थर नांगराने एक फूट रुंद, चार इंच जाड पट्ट्यांत काढायचा, दोन-अडीच फुटांच्या लाद्या पाडायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारख्या सांधे मोडत रचायच्या. भिंत दोन फुटांहून जाड, हिवाळ्यात उबदार. छत मात्र गळतं, आणि पाऊस थांबल्यावरही गळत राहतं. म्हणून आढ्याखाली पातळ कापड ताणून बांधत, माती आणि किडे ताटात पडू नयेत म्हणून.

माळ मोडायचा मे-जूनमध्ये, दोन-तीन इंचच, म्हणजे उलटी पडलेली मुळं कुजतात. ऑगस्टमध्ये तेच पुन्हा थोडं खोल उलटायचं. पहिल्याच वर्षी खोल नांगरलं की मुळं न कुजता ढेकळं राहतात आणि पेरा वाया जातो. त्या पहिल्या वर्षी उलट्या लादीखाली बटाटे मात्र दाबता येतात. गव्हाच्या बियाण्याला काणी लागू नये म्हणून मोरचुदाचं पाणी. वाण होतं रेड फाइफ. त्याचं बी १८४२ च्या सुमारास ग्लासगोतूनच कॅनडात गेलं, स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या डेव्हिड फाइफकडे. पीक उत्तम, पण उशिरा पिकणारं, आणि ऑगस्टअखेरच्या हिमकडाक्यात सापडणारं. त्यातून सुटका झाली ती मार्क्विसमुळे. तो आठवडाभर आधी पिके आणि १९०९ पासून शेतकऱ्यांना मिळू लागला. त्याच्या आईबापांपैकी एक रेड फाइफ, दुसरा भारतातून गेलेला हार्ड रेड कलकत्ता; लवकर पिकण्याचा गुण आपल्याकडच्या गव्हाचा.

तोपर्यंत घर चाले ते लोणी आणि अंड्यांवर. दुकानदार रोख देत नसे, वाण्याच्या वहीत जमा धरी आणि चहा-साखर देई. लोणी नीट धुऊन ताक पूर्ण काढलं नाही तर आठ दिवसांत खवट होतं. हिवाळ्यासाठी अंडी वॉटरग्लासमध्ये, म्हणजे एक भाग सोडियम सिलिकेट आणि नऊ-दहा भाग उकळून गार केलेलं पाणी. अंडी न धुता ठेवायची; धुतली की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि ती नासतात.

आता कागद. स्कॉटलंडच्या कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशाचं उत्पन्न हयातभर मिळे, त्याला टर्स म्हणत. जंगम मालमत्तेतही मुलं असतील तर तिसरा, नसतील तर अर्धा वाटा. मृत्युपत्र करूनही नवऱ्याला हे काढून घेता येत नसे. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात (सस्कॅचेवन आणि आल्बर्टा १९०५ पर्यंत त्याचाच भाग होते) मात्र विधवेचा असा हक्क १८८६ मध्ये रद्द झाला होता. समुद्र ओलांडला की ती घरी होता तेवढाही हक्क गमावून बसे. नवरा तिला न विचारता होमस्टेड विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता. आल्बर्टात १९१० मध्ये विधवेला कोर्टात दाद मागायची सोय झाली. राहतं घर बायकोच्या संमतीशिवाय विकता येऊ नये यासाठी सस्कॅचेवनमध्ये १९१५ उजाडलं, आल्बर्टात १९१७, मॅनिटोबात १९१८.

स्वतःच्या नावाने जमीन धरायची, तर १८७६ पासून कुटुंबप्रमुख नसलेल्या बाईला ती बंद होती. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या माँटानात अविवाहित बाई १६० एकर धरू शकत होती, इकडे नाही. ११,००० हून जास्त सह्यांचा अर्ज १९१३ मध्ये राजधानी ओटावाला गेला, नियम हलला नाही. मात्र नवरा वारला आणि पदरात अज्ञान मूल असलं, तर तीच बाई लँड ऑफिसात जाऊन दहा डॉलर भरून आपल्या नावाने नोंद करू शकत होती.