डावा पाय हिशेबात नाही

कॅशला बसणाऱ्या माणसाचा अंगठा हेच त्याचं हत्यार. माझा अंगठा २०१९ च्या दिवाळीत रुसला. शंभर नोटांचं बंडल मोजताना अठ्ठावन्न-एकोणसाठला हात थांबायचा, की परत पहिल्यापासून. सकाळी बोटं अशी आखडलेली असत की भाकरीचं पीठ मळायला लेकाला उठवावं लागे, आणि तो मळायचा ती निव्वळ लापशी. दहा-अकराच्या सुमाराला हात सुटायचे, तोवर पतसंस्थेत माझ्यासमोर रांग लागलेली.

पुढचं वर्ष सगळे जे करतात तेच केलं. वात म्हणून एरंडेल, चिकनगुनिया होऊन गेला असेल म्हणून वेदनाशामक, युरिक ॲसिड म्हणून डाळी बंद. एके ठिकाणी गुरुवारी पुड्या मिळायच्या. त्या पुडीने चार दिवसांत मी जिने चढायला लागले आणि तीन महिन्यांत तोंडाची पुरी झाली. पुडीत स्टेरॉइड होतं, हे पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी माझं तोंड बघूनच ओळखलं. मग रक्त, अँटी-सीसीपी, एक्स-रे आणि नाव: आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. सासूबाईंना मी सांगितलं, कुंपणानेच शेत खाल्लंय.

मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, रविवारी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘रविवार’ लाल पेनने लिहिलं आणि माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. (जाता जाता: या औषधाच्या मुळाशी असलेलं कॅन्सरवरचं संशोधन भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत केलं. आमवातासाठी अमेरिकेत ते मंजूर व्हायला १९८८ उजाडलं. सोमवारी मळमळ व्हायची तेव्हा मी या गृहस्थांना शिव्याही दिल्यात आणि नमस्कारही केलाय.) सव्वा वर्ष घेतलं. निम्मा फरक पडला, पुढे गाडी हलेना. २०२२ च्या पावसाळ्यात, आजार किती जोरात आहे ते सांगणारा माझा स्कोअर ६.६ होता. ५.१ च्या वर म्हणजे आजार जोरात. बायोलॉजिक, म्हणजे त्यापुढच्या महागड्या इंजेक्शनांचा खर्च डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवला. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मिस्टरांना दाखवलाच नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘एका नव्या गोळीची ट्रायल, म्हणजे चाचणी, चालू आहे. घाई नाही. घरी जाऊन बोला.’’

घरी काय बोलणं झालं ते सगळं लिहीत नाही. ‘‘तुझ्यावर प्रयोग करणार? आपण काय उंदीर आहोत?’’ हे सासूबाईंचं. मिस्टर गप्प, म्हणजे त्यांचंही तेच. पुतण्याने मात्र फोनवर सीटीआरआय ही सरकारी नोंदवही उघडली. भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची तिथे आधी नोंद करावी लागते. आमची तिथे होती: कुठली कुठली केंद्रं, किती रुग्ण, खोट्या गोळीशी (दिसायला तशीच, आत औषध नाही) तुलना, सगळं. औषधाला नाव नव्हतं, नुसता अक्षरं आणि आकड्यांचा कोड. पतसंस्थेतल्या बाईला नोंदणी क्रमांक दिसला की जरा धीर येतो.

संमतीपत्र मराठीत होतं, म्हणजे लिपी मराठीची होती. ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द मी तीनदा वाचला आणि माझी जीभ पहिल्यांदा सांध्यांसारखी आखडली. को-ऑर्डिनेटर पोरगी हुशार. म्हणाली, ‘‘ताई, भिशीची चिठ्ठी काढतात ना, तसं. फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो, आणि काय निघालं ते तुम्हाला कळत नाही, मला कळत नाही, डॉक्टरांनाही नाही.’’ तीन चिठ्ठ्यांतल्या दोन औषधाच्या, एक खोट्या गोळीची. मेथोट्रेक्सेट सगळ्यांचं चालूच. चोवीस आठवड्यांनी खोट्या गोळीवाल्यांनाही खरी गोळी.

धोक्यांची पानं मी घरी रात्री वाचली. याच जातीच्या आधीच्या एका गोळीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये कडक इशारा दिला होता. पन्नाशीच्या पुढचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले जे रुग्ण अभ्यासात होते, त्यांच्यात हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, कॅन्सर असं जास्त दिसलं होतं. नागीण होऊ शकते हेही लिहिलं होतं. मला ही पानं वाचून उलट बरं वाटलं. पुडीवाल्याने काय दिलं होतं ते त्याने कुठे लिहून दिलं होतं? इथे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, भरपाईचा नियम, कधीही बाहेर पडायची मोकळीक आणि नीतिसमितीचा फोन नंबर. माझी प्रत माझ्या हातात. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी बाहेरचा साक्षीदार बोलावला आणि कॅमेरा लावून सगळं वाचून दाखवलं. त्या मध्येच कॅमेऱ्याला पदर सावरून म्हणाल्या, ‘‘समजलं, पण हळू वाच, बाळा.’’

सही झाली म्हणजे आत गेलो असं नाही. आधी छाननी. रक्ताच्या नळ्या मी आठपर्यंत मोजल्या. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, ईसीजी, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रेग्नन्सी टेस्ट. इंदापूरला परत आले आणि चौथ्या दिवशी फोन: टीबीची रक्ततपासणी, इग्रा, पॉझिटिव्ह.

मी फोन कानाला लावून कॅशच्या खिडकीतच उभी राहिले. पुढचा माणूस स्लिप पुढे करतोय आणि मला दिसेना. संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः समजावलं: टीबी झालेला नाही, जंतू झोपलेला आहे. आपल्याकडे असा झोपलेला जंतू पुष्कळ लोकांत असतो, निरोगी माणसाला त्याचं काही होत नाही. पण प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर तो उठू शकतो. म्हणून आयसोनियाझिड हे टीबीचं औषध आणि सोबत बी-सिक्स जीवनसत्त्व, किमान चार आठवडे आधी, मगच गोळी. शिवाय हे औषध आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही लिव्हरवर भार टाकणारी, त्यामुळे लिव्हरच्या तपासण्या वाढल्या. तो महिना सगळ्यात वाईट गेला. नवीन काही सुरू नाही, जुन्यात बदल करायचा नाही, आणि घरात ‘टीबी’ हा शब्द फुटायला नको म्हणून मी डबा कपाटात साड्यांखाली.

आता मुख्य गोष्ट. दर भेटीला एक कागद द्यायचे, त्यावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला ‘अजिबात त्रास नाही’, उजव्या टोकाला ‘जास्तीत जास्त त्रास’. पेनने एक उभी खूण करायची, मग ती मंडळी पट्टीने मिलिमीटर मोजतात. पहिल्या वेळी मी तीसच्या आसपास खूण केली. को-ऑर्डिनेटर काही बोलली नाही; तिला बोलायची परवानगीच नसते. पण बाहेर आल्यावर माझं मलाच कळलं की मी खोटं लिहून आले. सकाळी मला साडीची निरी खोचता आली नव्हती, नणंदेने खोचून दिली. आणि मी तीस. का, तर आयुष्यभर ‘कशी आहेस?’ला ‘बरं आहे’ म्हणायची सवय. डॉक्टरांसमोर तर जास्तच. त्यांना वाईट वाटायला नको. कॅशमध्ये तीन रुपयांचा फरक लागला तर मी रात्री आठपर्यंत बसते, आणि स्वतःच्या दुखण्यात चाळीस मिलिमीटरची तूट दाबून टाकली. पुढच्या वेळी सत्तरवर खूण केली. हात कापला, पण केली.

दुसरा कागद प्रश्नांचा. ही प्रश्नावली मुळात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची, १९८० ची. तिच्यात मांस कापता येतं का, टबमध्ये आंघोळ करता येते का असले प्रश्न. आमच्या घरात सासऱ्यांच्या गळ्यात माळ, आणि टब म्हणजे कपडे भिजवायचा. भारतातल्या डॉक्टरांनी तिची बारा प्रश्नांची वेगळी आवृत्ती केली आहे, तिच्यात उकिडवं बसणं आहे, रिक्षात चढणं आहे, भाजीबाजार आहे, तीन किलोमीटर चालणं आहे. ती मला ओपीडीत भरायला दिली होती आणि वाचतानाच वाटलं, हे विचारणाऱ्याने आपलं घर पाहिलंय.

आणि मग सांधे मोजणाऱ्या मॅडम. त्यांना मी कुठल्या गोळीवर आहे, काय त्रास झाला, काहीच कळता कामा नये. मी तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, ‘‘मला काही सांगू नका, ताई. फक्त दुखलं तर दुखलं म्हणा.’’ एकेक सांधा अंगठ्याने दाबायचा, तोही त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. नख गुलाबीच राहिलं तर दाब कमी पडला. मी त्यांच्या नखाकडे बघत बसायचे. एका बोटाचं मधलं पेर, नख पांढरं, ‘‘हो.’’ पुढचं पेर, पांढरं, ‘‘नाही.’’ दुखण्यासाठी ६८ सांधे, सुजेसाठी ६६. दोन कुठे गेले, हे मी लगेच विचारलं. खुब्याची सूज हाताला लागत नाही, म्हणून ते दोन सुजेच्या रकान्यात धरत नाहीत. हिशेब जुळला, मला बरं वाटलं.

दुसरा हिशेब मात्र मला जुळला नाही. माझा ६.६ आला होता तो स्कोअर फक्त २८ सांध्यांचा: खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं, गुडघे. पाय नाहीतच. माझा डावा पाय, चवड्याच्या हाडाशी, सकाळी जमिनीला लागला की मी ‘आई गं’ म्हणते, तो स्कोअरमध्ये शून्य. डॉक्टरांनी कारण सांगितलं: पायाला सूज इतर कारणांनीही येते, नीट मोजता येत नाही, आणि २८ मोजून जवळपास तेच चित्र मिळतं असं अभ्यासात दिसलंय. पटलं. पण जवळपास म्हणजे कुणाच्या जवळपास? ६८ च्या वहीत पाय आहे, २८ च्या बेरजेत नाही. असली खाती मी ऑडिटमध्ये पाहिली आहेत.

औषध यशस्वी कधी म्हणायचं, तर मुख्य कसोटी वीस टक्के सुधारणेची. मी हसले. वीस टक्के वसुली झाली म्हणून कुठली पतसंस्था पेढे वाटेल? डॉक्टरही हसले. म्हणाले, ही कसोटी तुमच्या समाधानासाठी नाही, खऱ्या-खोट्या गोळीतला फरक ओळखण्यासाठी आहे. खोट्या गोळीवरच्याही काही जणांना वीस टक्के बरं वाटतं. म्हणून तर तुलनेला खोटी गोळी लागते. पुढे पन्नास आणि सत्तर टक्क्यांच्याही पायऱ्या आहेतच.

स्वारगेटहून इंदापूरची एसटी भिगवणवरून जाते. भिगवण म्हणजे मासे आणि हिवाळ्यातले फ्लेमिंगो एवढंच मला ठाऊक. पण वेटिंगमध्ये एक रिसर्चचे विद्यार्थी म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्या वाटेवरच्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघर जाऊन गावातल्या मोठ्या माणसांच्या सांधेदुखीची पाहणी झाली होती.’’ पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी केलेली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमात. खेड्यातल्या माणसाला नेमकं काय दुखतं हे दवाखान्यात बसून कळत नाही, कारण बहुतेक जण दवाखान्यात येतच नाहीत, हे त्यामागचं कारण. भिगवणच्या नणंदेला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘माझं लग्न दोन हजारात झालं, मला काय माहीत?’’ तेव्हापासून एसटी भिगवण फाट्यावर थांबली की मी त्या घरांकडे बघते. दार वाजवून कुणी तरी विचारलं असेल, काकू, कुठं दुखतंय? आणि काकू म्हणाल्या असतील, बरं आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात सकाळचा ताठरपणा दोन तासांवरून पाऊण तासावर आला. रोज मोबाइलसारख्या एका यंत्रात मिनिटं भरायची असत. एक दिवस राहिला की यंत्र केकाटायचं. काहीही झालं तरी नोंद: सर्दी, जुलाब, मोरीत पाय घसरून काळंनिळं झालेलं बोट. ‘‘औषधाचा काय संबंध?’’ म्हटलं, तर पोरगी म्हणाली, ‘‘ते ठरवणारे आपण नाही, ताई.’’ दहाव्या महिन्यात कमरेला पट्ट्यासारखे फोड आले, नागीणच. चोवीस आठवडे उलटून गेले होते, म्हणजे तोपर्यंत सगळेच खऱ्या गोळीवर. दोन आठवडे गोळी थांबवली, नागिणीची औषधं तिथूनच फुकट मिळाली. सासूबाईंनी फोडांना गेरू लावायला काढला होता, तो मी हात जोडून परत ठेवायला लावला.

वर्ष भरलं आणि ट्रायल संपली. नंतर ओपीडीत स्कोअर निघाला ३.९. अजून ३.२ च्या खाली नाही, म्हणजे आजार मध्यम. आता त्याच जातीची जुनी गोळी, भारतीय कंपनीची, मी विकत घेते. बायोलॉजिकच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे. डावा पाय तसाच. शेवटच्या भेटीत मॅडमनी तो दाबला, नख पांढरं झालं, मी ‘‘हो’’ म्हटलं आणि त्यांनी ६८ च्या वहीत टिक केली.

पहिल्या चोवीस आठवड्यांत मला खरी गोळी होती की खोटी, हे अजून कळलेलं नाही. जगभरातली सगळी केंद्रं बंद झाल्यावर कळवतील म्हणाले. वेटिंगमध्ये ओळख झालेली बारामतीची एक बाई ठामपणे सांगते, ‘‘तुमची खोटीच होती, खऱ्या गोळीने तोंड कडू पडतं.’’ माझं तोंड कधीच कडू पडलं नाही, पण पाऊण तासाचा ताठरपणा काय फुकट आला? आम्ही एक किलो कंदी पेढ्यांची पैज लावली आहे. दर रविवारी, मेथोट्रेक्सेट घेतल्यावर, तिचा मेसेज येतो: आली का चिठ्ठी?